दीड प्रत तीन प्रतींना भारी कशी पडते?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियमच्या बॅटऱ्या दुसरीकडे हलवायचं काम चालू होतं, त्यातली एक पेटली. शेकडो सरकारी सेवा एका रात्रीत बंद पडल्या. बऱ्याचशा पुढे हळूहळू उभ्या राहिल्या, पण ‘जी-ड्राइव्ह’ नावाची एक सेवा जळून गेली ती गेलीच. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं ठेवायची ती जागा होती, माणशी ३० जीबी. एकूण साठा ८५८ टेराबाइट. त्याची प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती. का नव्हती, तर साठा अवाढव्य आणि यंत्रणा धिमी, त्यामुळे बाहेर बॅकअप घेणं शक्य नव्हतं, असं सरकारकडून सांगण्यात आलं.

ही बातमी वाचून माझ्या मावशीचा फोन आला. तिच्या नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो क्लाउडवर आहेत.

“अरे, माझे फोटोपण असेच जळतील का?”

“नाही गं, त्यांच्या एकाहून जास्त प्रती ठेवलेल्या असतात.”

“किती?”

“साधारण दीड.”

पलीकडे जरा शांतता. मग, “अर्धी प्रत म्हणजे काय, फोटो मधोमध फाडून ठेवतात?”

प्रश्न थट्टेचा होता, पण फोटो खरंच फाडून ठेवतात. फक्त अर्धा करून नाही, त्याचे बरेच तुकडे करतात आणि त्या तुकड्यांसोबत थोडा हिशोब ठेवतात. मोठमोठ्या साठवणयंत्रणांचा आजचा भार बराचसा या हिशोबावर उभा आहे, आणि तो कळायला शाळेतलं गणित पुरतं.

डिस्क बिघडणारच, प्रश्न फक्त कधी

घरची हार्ड डिस्क पाच-सहा वर्षं बिनबोभाट चालते, म्हणून आपल्याला वाटतं की डिस्क बिघडणं हा अपघात. डेटा सेंटरमध्ये ते रोजचं काम असतं. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या डिस्क किती टिकतात याचे आकडे वर्षानुवर्षं जाहीर करते. २०२४ मध्ये त्यांच्याकडे वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास डिस्क बिघडल्या. घरच्या एका डिस्कसाठी दीड टक्का म्हणजे काहीच नाही. पण दहा हजार डिस्क असतील तर वर्षाला दीडशे, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. लाखभर डिस्क असतील तर दिवसाला चार. शिवाय वीज जाते, नेटवर्कचा स्विच बसतो, कोणीतरी चुकीची वायर ओढतं. कोणत्याही क्षणी काहीतरी बंद असणार हे धरूनच यंत्रणा बांधावी लागते.

यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे प्रती. हडूप या नावाची, ढीगभर साध्या यंत्रांवर मिळून फाइली साठवणारी यंत्रणा आहे. ती पहिल्यापासून प्रत्येक फाइलचे ठोकळे करून प्रत्येक ठोकळ्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवत आली. दोन गेल्या तरी एक उरते. समजायला सोपं, करायला सोपं, दुरुस्तीलाही सोपं. फक्त एक टेराबाइटसाठी तीन टेराबाइट डिस्क घ्यावी लागते. तिची वीज, तिची थंड हवा, तिची जागा, सगळंच तिप्पट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे खपून जातं. शेकडो पेटाबाइटवाल्याला (एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट) खपत नाही.

किराण्याची चिठ्ठी

मावशीला मी जे फोनवर सांगितलं तेच इथे सांगतो. वाण्याकडून चार जिन्नस आणले आणि चिठ्ठीवर लिहिले: साखर ४५, तूरडाळ १६०, तेल १५०, चहा ९५. खाली बेरीज, ४५०.

चिठ्ठीवर तेलाचा डाग पडला आणि तूरडाळीचा आकडा गेला. काही बिघडलं? नाही. ४५० मधून बाकीचे तीन वजा करा, १६० परत हातात. इथे तूरडाळीच्या आकड्याची प्रत आपण कुठेच ठेवली नव्हती. चहाची नाही, तेलाची नाही. एकच बेरीज ठेवली, आणि ती चारांपैकी कोणाच्याही जागी उभी राहू शकते. सगळी गंमत यातच आहे. प्रत फक्त एकाच्या कामाची असते. बेरीज, ज्याला गरज पडेल त्याच्या कामाची.

आता डाग मोठा पडला आणि तूरडाळ, चहा दोन्ही गेले. बेरजेवरून एवढंच कळतं की दोन्ही मिळून २५५. त्यात डाळ किती नि चहा किती हे नाही कळत. म्हणून आणखी एक बेरीज आधीच करून ठेवायची, जरा तिरकी. पहिला जिन्नस एकपट, दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट, चौथा चौपट: ४५ अधिक ३२० अधिक ४५० अधिक ३८०, म्हणजे ११९५.

आता सोडवा. तिरक्या बेरजेतून साखरेचे ४५ आणि तेलाचे ४५० काढले की उरतात ७००. म्हणजे डाळीची दुप्पट अधिक चहाची चौपट बरोबर ७००, किंवा निम्मं करून, डाळ अधिक चहाची दुप्पट बरोबर ३५०. सरळ बेरजेतून डाळ अधिक चहा २५५. दोन्हींतला फरक ९५, तोच चहा. उरलेले १६०, तीच डाळ. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. आठवी-नववीत हे कशाला शिकवतात असं ज्यांना वाटायचं, त्यांचे फोटो आज यावर टिकून आहेत.

चार जिन्नस आणि दोन बेरजा, असे सहा आकडे झाले. यातले कोणतेही दोन जाऊ द्या, उरलेल्या चारांवरून सगळं परत उभं राहतं. बेरीजच गेली तर ती पुन्हा करता येते. आणि जागा लागली दीडपट. प्रतींच्या वाटेने कोणतेही दोन आकडे गेलेले सोसायचे तर तिप्पट लागली असती.

मूळ तुकडे आणि हे असे जास्तीचे बेरजेचे तुकडे, ज्यांना ‘पॅरिटी’ म्हणतात, मिळून ठेवायच्या या पद्धतीला ‘इरेझर कोडिंग’ म्हणतात. मराठीत ऐकताना खोडरबर डोळ्यांपुढे येतो, आणि दोष आपल्या कानांचा नाही. इंग्रजीतले ते दोन वेगवेगळे शब्द देवनागरीत एकच होऊन बसतात. अर्थ मात्र खोडणारा असा नाही, खोडलं गेलेलं असा आहे. जे पुसलं गेलं ते परत आणणारं गणित.

तिसरी बेरीज, चौथी बेरीज

दोन बेरजांपुढे जायचं तर दर वेळी अशी बेरीज हवी जी आधीच्यांपासून स्वतंत्र आहे. नुसती पहिलीची दुप्पट करून ठेवली तर तिच्यातून नवं काहीच कळत नाही. अशा हव्या तितक्या स्वतंत्र बेरजा मिळवायची युक्ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये पाच पानांच्या एका शोधनिबंधात मांडली. तिला रीड-सॉलोमन कोड म्हणतात.

आलेखाचा कागद घ्या. आपल्याला दोन आकडे जपायचे आहेत, ७ आणि १०. पहिल्या रेघेवर ७ च्या उंचीला टिंब, दुसऱ्या रेघेवर १० ला. दोन टिंबांतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवा. तिसऱ्या रेघेवर ती १३ ला भेटेल, चौथीवर १६ ला, पाचवीवर १९ ला. आता हे पाच आकडे पाच यंत्रांवर ठेवा आणि कोणतीही तीन यंत्रं जळू द्या. समजा तिसरं आणि पाचवं उरलं: १३ आणि १९. दोन पायऱ्यांत सहाची चढण, म्हणजे पायरीला तीन. मागे या: १०, ७. झालं.

तीन आकडे जपायचे असतील तर सरळ रेषेऐवजी एका वळणाची रेषा, दहा जपायचे असतील तर जास्त वळणांची. दहा टिंबांतून जाणारी तशी वक्ररेषा एकच असते, म्हणून तिच्यावरची चौदा टिंबं ठेवली तर कोणत्याही दहांवरून ती पुन्हा काढता येते.

फोटोच्या बाबतीत हे असं होतं. फाइल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. रांगेचे दहा सारखे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा पहिला आकडा घेतला की दहा जिनसांची एक चिठ्ठी तयार. तिच्या चार बेरजा करायच्या. मग दुसऱ्या आकड्यांची दुसरी चिठ्ठी, तिसऱ्यांची तिसरी. पहिल्या बेरजा एका तुकड्यात, दुसऱ्या दुसऱ्यात, असे चार पॅरिटी तुकडे बनतात आणि मूळ दहांसोबत चौदा वेगवेगळ्या यंत्रांवर जातात. मूळ तुकडे जसेच्या तसे ठेवलेले असल्यामुळे सगळं धडधाकट असताना वाचताना गणित करावंच लागत नाही.

एक अडचण राहिली. आपली बेरीज ४५० आली, आणि बाइटमध्ये २५५ च्या वर काही मावत नाही. घड्याळात १० वाजल्यावर पाच तासांनी ३ वाजतात, तसं २५६ ला परत शून्य करता येईल का? बेरजेला चालतं, पण उलट फिरताना घात होतो. अशा घड्याळात १२८ ची दुप्पट शून्य, आणि शून्याची दुप्पटही शून्य. मग शून्यावरून मागे कुठे जायचं? आपण वर ७०० ला दोनाने भागलं तशी पायरी इथे अडते. म्हणून २५६ आकड्यांचं एक खास अंकगणित वापरतात, ज्यात शून्य सोडून कोणत्याही आकड्याने बिनचूक भागता येतं. ते ज्या कल्पनेवर उभं आहे ती एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच पोराने १८३० मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला, तेव्हा विशीचा होता. त्याच्या गणिताला असं रोजचं काम मिळायला १३० वर्षं लागली.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीत हेच गणित होतं, म्हणून चरा पडलेली सीडीही वाजायची. १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ या अवकाशयानाने युरेनसचे फोटो पाठवले तेही यातून गेले. वडापावच्या गाडीवरचा पैसे देण्याचा क्यूआर कोड घ्या. एक कोपरा तेलकट, एक कोपरा सोललेला, तरी पैसे जातात. क्यूआर कोडमध्येही रीड-सॉलोमनच आहे आणि त्याच्या सगळ्यात पक्क्या प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो.

“पण आकडा गेला नाही, चुकला असेल तर?”

शंका रास्त आहे. चिठ्ठीवर डाग पडला तर कुठला आकडा गेला हे दिसतं. पण कोणी १६० चं १६५ केलं तर? बेरीज जुळत नाही एवढं कळेल, खोटं कोण बोलतंय ते कळणार नाही. ते शोधायलाही हेच गणित वापरता येतं, पण ताकद निम्मी होते. चार पॅरिटी असतील तर गेलेले चार परत आणता येतात, चुकलेले मात्र दोनच.

म्हणून साठवणयंत्रणा दुसरी वाट घेतात. प्रत्येक तुकड्यासोबत एक छोटा ताळा ठेवतात. तुकडा वाचला की ताळा तपासायचा, जुळला नाही तर तो तुकडा नाहीच असं समजायचं. चुकलेल्याला सरळ हरवलेला ठरवलं की प्रश्न सोपा होतो. न वाचलेल्या तुकड्यांचा ताळाही अधूनमधून फिरून तपासत राहतात, कारण डिस्कवर नुसता पडून राहिलेला डेटाही कधीकधी गुपचूप नासतो.

मग भारी कोण पडलं?

आता आकडेमोड. समजा कोणत्याही क्षणी एखादं यंत्र बंद असण्याची शक्यता शंभरात एक आहे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

तीन प्रती: तिन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा लाखांत एक. डिस्क तिप्पट.

सहा तुकडे आणि तीन पॅरिटी: नवांपैकी चार एकदम बंद असले तरच अडतं. ती शक्यता दहा लाखांत साधारण सव्वा. डिस्क फक्त दीडपट. म्हणजे जवळपास तेवढीच सुरक्षितता निम्म्या जागेत. हडूपमध्ये २०१७ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सहा-तीनची मांडणी तयारच मिळते.

दहा तुकडे आणि चार पॅरिटी: चौदांपैकी पाच बंद असावे लागतात. दहा लाखांत ०.२ च्याही जरा खाली. डिस्क १.४ पट. म्हणजे तीन प्रतींपेक्षा पाचपट निर्धास्त आणि निम्म्याहून कमी जागेत. मावशीची ‘दीड प्रत’ ती हीच.

बॅकब्लेझने तर १७ तुकडे आणि ३ पॅरिटी अशी मांडणी वापरली आहे, म्हणजे जेमतेम १८ टक्के जादा. तुकडे जितके जास्त तितकी बचत जास्त. मग शंभर तुकडे का करू नयेत? तिथे दुसरं बिल येतं.

डिस्क वाचली, नेटवर्क दमलं

तीन प्रतींपैकी एक गेली की दुसरीवरून उतरवून घ्यायची. एक तुकडा वाचला, एक लिहिला. दहा-चारच्या मांडणीत एक तुकडा गेला तर तो काढायला दुसरे दहा तुकडे दहा यंत्रांवरून मागवावे लागतात. एका आकड्यासाठी सगळी चिठ्ठी वाचायची. शंभर तुकडे केले असते तर शंभर वाचावे लागले असते. आणि यंत्र नुसतं बंद असताना कोणी तो फोटो उघडला, तरी तेवढीच धावाधाव करून, तो वाट बघत असताना, तुकडा जुळवावा लागतो.

हे किती महागात पडतं ते फेसबुकच्या एका डेटा सेंटरवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेत शिकून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गेलेल्या के. व्ही. रश्मी आणि सहकाऱ्यांनी तो केला होता. काही हजार यंत्रांच्या त्या ताफ्यात नेहमीच्या दिवशी पन्नासच्या वर यंत्रं पाव तासाहून अधिक काळ गायब होत. आणि दहा-चारने ठेवलेल्या डेटाच्या दुरुस्तीपायीच रॅकारॅकांमधून रोज साधारण १८० टेराबाइटची ये-जा होत होती. रॅक म्हणजे यंत्रांचं उभं कपाट, आणि दोन कपाटांमधला रस्ता नेहमीच अरुंद असतो. त्यातच हेही दिसलं की ९८ टक्के वेळा चौदांपैकी एकच तुकडा गेलेला असतो. तयारी चार जाण्याची, वेळ बहुतेकदा एकाच्या जाण्याची.

मायक्रोसॉफ्टने याच विषम गोष्टीचा फायदा घेतला. २०१२ मध्ये त्यांनी अ‍ॅझ्युर क्लाउडमधली आपली मांडणी जाहीर केली. मूळ तुकडे बारा, पण ते सहा-सहाच्या दोन गटांत वाटलेले. प्रत्येक गटाची स्वतःची एक बेरीज, आणि वर सगळ्या बारांच्या मिळून दोन. सोसायटीच्या दोन विंगा असाव्यात तसं. दिवा गेला तर विंगचा माणूस बघतो, टाकी फुटली तर सगळी सोसायटी. एक तुकडा गेला की आपल्याच गटातले सहा वाचले की काम भागतं, बारा वाचावे लागत नाहीत. एकूण सोळा तुकडे, जागा १.३३ पट, आणि कोणतेही तीन गेले तरी डेटा शाबूत. चार गेले तर बहुतेक वेळा वाचतो, नेहमी नाही. रीड-सॉलोमनने याच सोळांत कोणतेही चार सोसले असते. मायक्रोसॉफ्टने ती थोडी हमी सोडून रोजची दुरुस्ती स्वस्त केली. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो, कारण रोज येणारं बिल हे दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटापेक्षा जास्त सतावतं.

आयआयएससीतल्याच पी. विजय कुमार यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘क्ले कोड’ मांडले. त्यांची कल्पना अशी: दहांकडून पूर्ण तुकडा मागण्याऐवजी उरलेल्या सगळ्या तेरांकडून तुकड्याचा चौथा हिस्साच मागायचा. तेरा पाव म्हणजे सव्वातीन. दहाच्या जागी सव्वातीन तुकड्यांची वाहतूक, आणि पॅरिटी तेवढ्याच. हे कसं जमतं ते दाखवायला किराण्याची चिठ्ठी पुरत नाही. ढोबळ सांगायचं तर तुकड्यांचे आणखी बारीक काप करून, ते आपापसात आधीच अशा रीतीने कालवलेले असतात की प्रत्येकाच्या थोड्याशा भागातही हरवलेल्याची खूण उतरते. सेफ नावाच्या, कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या साठवणयंत्रणेत हा कोड आला आहे.

मग तीन प्रती मोडीत निघाल्या का?

नाही, आणि निघणारही नाहीत. रोज हजार वेळा उघडल्या जाणाऱ्या फाइलीच्या तीन प्रती असल्या की तीन यंत्रं मागणी वाटून घेतात. चार केबीच्या फाइलीचे दहा तुकडे करणं म्हणजे लवंगेच्या दहा फोडी. आणि सतत बदलणाऱ्या गोष्टींना हे गणित आवडत नाही. साखर ४५ ची ४७ झाली की दोन्ही बेरजा पुन्हा लिहाव्या लागतात, आणि एक लिहून झाल्यावर दुसरीआधी वीज गेली तर चिठ्ठीच खोटी.

म्हणून व्यवहारात दोन्ही चालतं. नवा डेटा प्रतींमध्ये, थंडावला की तुकड्यांमध्ये. फेसबुकवर टाकलेला फोटो पहिले काही दिवस सगळे बघतात, मग तो वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, पण उघडला तर दिसायला तर हवा. अशा कोमट फोटोंसाठी त्यांनी ‘एफ-४’ नावाची वेगळी यंत्रणा केली आणि २०१४ मध्ये तिचा तपशील दिला. आधी प्रत्येक फोटोला ३.६ पट जागा लागायची, ती २.१ पटीवर आली. तेव्हा तीत ६५ पेटाबाइटच्या वर डेटा होता आणि वाचलेली जागा ५३ पेटाबाइट.

सगळी इमारतच जळाली तर?

वरची आकडेमोड करताना मी एक वाक्य हळूच घातलं होतं: एका यंत्राचा दुसऱ्याशी संबंध नाही. आगीत हे वाक्य पहिलं जळतं. एका छपराखालचे चौदा तुकडे चौदाच्या चौदा जातात, आणि मग दहा लाखांत ०.२ ला काही अर्थ उरत नाही. गणित कोणतं वापरलं यापेक्षा तुकडे कुठे ठेवले याला जास्त किंमत आहे. एका यंत्रावर दोन नकोत, जमलं तर एका कपाटात दोन नकोत, आणि इमारत जाण्याची भीती असेल तर एका इमारतीत पॅरिटीच्या संख्येपेक्षा जास्त तुकडे नकोत.

एफ-४ मध्ये प्रत्येक इमारतीत दहा-चार होतंच, म्हणजे १.४ पट. वर त्यांनी एका डेटा सेंटरमधला ठोकळा, दुसऱ्यातला ठोकळा, आणि दोघांची बेरीज तिसऱ्यात अशी जोडणी केली. दोनांचे तीन झाले, म्हणजे दीडपट. १.४ गुणिले १.५, तेच ते २.१.

आता देजॉनकडे परत येऊ. तिथलं डेटा सेंटर चालवणाऱ्या कोरियाच्या सरकारी संस्थेची ग्वांगजू आणि देगू या शहरांतही डेटा सेंटर आहेत. आपली किराण्याची चिठ्ठी तिथे लावून बघा. चार तुकडे, दोन बेरजा, तीन शहरांत दोन-दोन. कोणतंही एक शहर गेलं तर सहांपैकी दोनच जातात, आणि कोणतेही दोन गेले तर आपल्याला चालतं. ८५८ टेराबाइटसाठी एकूण १२८७ टेराबाइट, दर शहरात ४२९. दुसरीकडे आख्खी प्रत ठेवली असती तर १७१६ लागले असते. अर्थात प्रत्येक फाइल उघडताना काही तुकडे दुसऱ्या शहरातून आणावे लागतील, आणि आधीच धिमी असलेली यंत्रणा आणखी धिमी होईल. फुकट काहीच नाही. पण ‘शक्यच नव्हतं’ आणि ‘जरा हळू उघडेल’ यांत बराच फरक आहे.

“म्हणजे बॅकअप नको ना?”

मावशीने शेवटी हेच विचारलं, आणि इथे मी ठाम नाही म्हणालो. इरेझर कोडिंग डिस्क मेली, यंत्र बसलं, आणि तुकडे विखुरलेले असतील तर इमारत जळाली, यापासून वाचवतं. तुम्ही चुकून फोटो पुसलात तर चौदाही तुकडे आज्ञाधारकपणे पुसले जातात. कोणी पासवर्ड चोरून सगळं कुलूपबंद केलं, तर कुलूपबंद डेटाच अत्यंत काळजीपूर्वक दहा-चारने जपला जातो. खातंच बंद झालं तर तुकडे सुखरूप असूनही तुमच्या काय कामाचे? बॅकअप म्हणजे वेगळी वस्तू, वेगळ्या जागी, वेगळ्या हातात, आणि कालची स्थिती आठवणारी.

घरी दोन-तीन डिस्कवर पॅरिटीची करामत करायचाही मोह होतो. मी केली होती. सोय चालायची, पण एकदा डिस्क बदलताना कुठली खराब आणि कुठली चांगली यात माझाच गोंधळ झाला आणि चांगली काढून बसलो. गणिताची चूक नव्हती. तेव्हापासून घरच्या कामाला साध्या प्रतीच बऱ्या. लाख डिस्कवाल्याचं दुखणं वेगळं, दोन डिस्कवाल्याचं वेगळं.

मावशीला म्हटलं, क्लाउडवर आहेत ते असू देत, शिवाय एका डिस्कवर उतरवून घे आणि ती घरात ठेवू नको. माझी दुसरी डिस्क साताऱ्याला बहिणीकडे असते, कपड्यांच्या कपाटात, लोकरी टोपीत गुंडाळलेली. दिवाळीला जातो तेव्हा नवी ठेवतो, जुनी घेऊन येतो.

“टोपी कशाला?” मावशी म्हणाली.

ते मलाही माहीत नाही. ते बहिणीचं.